ब्लूजकडून फंककडे जाताना गिटारचं काम बदलतं: जॉनी ‘गिटार’ वॉटसनच्या निमित्तानं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात ९ वर्षं ब्लूज गिटार वाजवताय आणि ३ वर्षं तुमचा स्वतःचा चौघांचा बँड आहे. लोक शांत बसून ऐकतात, टाळ्याही देतात, पण कुणाचे पाय हलत नाहीत आणि जागेचे मालक दुसऱ्यांदा बोलवत नाहीत. अशात जॉनी ‘गिटार’ वॉटसन या अमेरिकन गायक-गिटारवादकाची १९७६-७७ची फंकची, म्हणजे नाचायला लावणाऱ्या ठेक्याच्या संगीताची, रेकॉर्डिंग्ज तुमच्या कानावर आली. मग तुम्ही त्याचं १९५६चं ‘थ्री अवर्स पास्ट मिडनाइट’ हे ब्लूज ऐकलंत आणि हे दोन्ही एकाच माणसाचं आहे यावर विश्वास बसेना. त्यानं हे वळण कसं घेतलं, तुमच्या बँडला ते जमेल का, कोणती गिटार आणि कोणतं पेडल घ्यावं, आणि असं करणं ही ब्लूजशी प्रतारणा ठरेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी २५ वर्षं गिटारवर घर चालवतोय. सुरुवात गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात झाली, मग मुंबईतल्या हॉटेलांत वाजवलं, आणि गेली १६ वर्षं माझा सहा जणांचा बँड आहे. आम्ही निम्मं ब्लूज आणि निम्मं फंक वाजवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: बँडमध्ये तुमच्या गिटारचं काम काय? ब्लूजमध्ये गिटार हा दुसरा गायक असतो. गायकाची ओळ संपली की ती बोलते आणि बाकीचे तिच्यासाठी जमीन तयार करून देतात. फंकमध्ये तीच गिटार त्या जमिनीचा भाग होते. ती तालवाद्य बनते, जवळजवळ ढोलकीच्या शेजारी जाऊन बसते. ज्यांना हे कळत नाही ते ब्लूजचीच वाक्यं फंकच्या ठेक्यावर वाजवतात, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता आलं नाही तरी त्याचे पाय थांबतात. वॉटसननं ही अदलाबदल कशी केली ते नीट बघितलं की तुमचं बरंचसं उत्तर तिथेच मिळतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमच्या बँडमध्ये गातं कोण? तुम्हीच गात असाल तर वॉटसनची वाट तुम्हाला सोपी जाईल, वेगळा गायक असेल तर त्याच्याशी खूप बोलून ठरवावं लागेल. ड्रमर शफलमध्येच, म्हणजे ब्लूजच्या झोके घेणाऱ्या ठेक्यातच, वाढलेला असेल तर त्याला तयार व्हायला सहा महिने तरी द्या. आणि जागा कोणत्या आहेत तेही बघा. मुंबईत २०११पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव होतोय, पहिल्याच वर्षी अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन गेला. तिथे येणारा माणूस ऐकायला आलेला असतो. शनिवारी रात्री रेस्टॉरंटमध्ये आलेला माणूस आठवडाभराचा शीण घालवायला आलेला असतो. दोघंही रसिकच आहेत, पण दोघांची गरज वेगळी आहे.

आता वॉटसन. जन्म ३ फेब्रुवारी १९३५चा, टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टनचा. वडील पियानो वाजवायचे आणि त्यांनीच त्याला पियानो शिकवला. गिटार आली आजोबांकडून. ते धर्मोपदेशक होते. सैतानाचं संगीत, म्हणजे ब्लूज, वाजवायचं नाही या अटीवर त्यांनी ११ वर्षांच्या नातवाच्या हातात गिटार दिली, आणि नातवानं सगळ्यात आधी तेच वाजवलं, असं तो पुढे सांगायचा. ह्यूस्टनमध्ये अल्बर्ट कॉलिन्स आणि जॉनी कोपलँड हे त्याचे सोबती होते. टी-बोन वॉकर आणि क्लॅरन्स ‘गेटमाउथ’ ब्राउन हे त्याचे आदर्श. १९५०मध्ये आईवडील वेगळे झाले आणि १५ वर्षांचा जॉन आईबरोबर लॉस एंजेलिसला आला. तिथे त्याला काम मिळालं ते पियानोवादक म्हणून. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

विशी गाठायच्या आतच तो ‘यंग जॉन वॉटसन’ या नावानं फेडरल या लेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड कंपनीसाठी, रेकॉर्ड करत होता. १९५४चं ‘स्पेस गिटार’ ऐका. त्या काळात रिव्हर्बचा (आवाजाच्या घुमण्याचा) आणि फीडबॅकचा (अँपमधून परत येणाऱ्या किंकाळीचा) इतका धीट वापर गिटारवर क्वचितच कुणी केला असेल. १९५५मध्ये ‘दोज लोन्ली लोन्ली नाइट्स’ हे गाणं आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूजच्या) लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. त्यातला सोलो तुम्ही शंभर वेळा ऐकावा अशी माझी विनंती आहे. तो सोलो जवळजवळ एकाच सुरावर उभा आहे. तोच सूर पुन्हा पुन्हा येतो, पण दर वेळी वेगळ्या जागी, वेगळ्या जोरानं पडतो. सुराचं काम संपवून त्यानं सगळं काम लयीवर सोपवलंय. आता २१ वर्षं पुढे या आणि १९७६चं ‘सुपरमॅन लव्हर’ लावा. गिटार तेच करतेय. दोन-तीन सूर, नेमक्या जागी, आणि मग गप्प. म्हणून म्हणतो, हा माणूस बदललेला नाही. त्याच्या फंकचं बी १९५५मध्येच पडलेलं होतं.

दुसरी न बदललेली गोष्ट म्हणजे त्याचा उजवा हात. तो पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरत नसे. अंगठ्यानं आणि बोटांनी तार ओढून सोडायचा, म्हणून प्रत्येक सूर चापट मारल्यासारखा येतो आणि लगेच विझतो. ‘थ्री अवर्स पास्ट मिडनाइट’मध्ये हा आवाज चिडलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा लागतो. ते गाणं ऐकून आपल्याला गिटार वाजवावीशी वाटली असं रॉक गिटारवादक फ्रँक झापा सांगत असे, आणि पुढे त्यानं १९७५च्या आपल्या अल्बमवर वॉटसनला गायला बोलावलं. चटकन विझणारा सूर ही फंकची पहिली गरज असते. वॉटसनकडे ती आधीपासून होती.

मग बदललं काय? लयीची विभागणी. तबला शिकलेल्यांना हे एका वाक्यात कळतं: शफल ब्लूज तिस्र जातीत चालतो, फंक चतुस्र जातीत. शफलमध्ये एका मात्रेचे तीन भाग पडतात आणि आपण त्यातला पहिला आणि तिसरा वाजवतो, म्हणून तो झोका येतो. फंकमध्ये एका मात्रेचे चार सारखे भाग, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात १६ कप्पे. यातल्या कोणत्या कप्प्यात सूर, कोणत्यात मुकी खरड आणि कोणत्यात पूर्ण शांतता, हे ठरवणं म्हणजे फंकची गिटार. आणि या सगळ्याला बांधून ठेवते ती सम. फंकचा अध्वर्यू गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर एकत्र यायला सांगायचा. त्या पहिल्या मात्रेचं वजन तो देवासारखं मानायचा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मधे कितीही फिरून आलं तरी समेवर सगळ्यांनी भेटायचं, हे आपल्या कानात लहानपणापासून आहे.

ब्राउनच्याच बँडमधला जिमी नोलन तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. १९६५च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’मधली गिटार त्याची. पुढच्या पिढ्यांनी ज्याला ‘चिकन स्क्रॅच’ म्हटलं ते खरडणं त्याच्या नावावर आहे. हा नोलनही आधी लॉस एंजेलिसमध्ये जॉनी ओटिस या बँडप्रमुखाच्या बँडमध्ये होता आणि अस्सल ब्लूज वाजवायचा. त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. उजवा हात सोळाही कप्प्यांत वरखाली चालूच ठेवायचा, कधीच थांबवायचा नाही. डावा हात तारांवर हलका ठेवायचा, म्हणजे नुसती खरड ऐकू येते, आणि हव्या त्याच कप्प्यात क्षणभर दाबून सोडायचा. सूर ठरवतो डावा हात, उजवा फक्त काळ मोजतो.

सरावाचं सांगतो. मेट्रोनोम ७०वर लावा. बारीक तीन-चार तारांवर नाइन्थ कॉर्ड (फंकमध्ये नेहमी लागणारा सुरांचा गट) धरा. पहिला आठवडा एकही सूर काढू नका, फक्त मुकी खरड, सोळाही कप्पे सारखे. दुसऱ्या आठवड्यात फक्त समेवर कॉर्ड. तिसऱ्यात समेनंतरचा एक कप्पा निवडा आणि रोज तो बदलत जा. कंटाळा येईल, पण हे सोडू नका. एका आवर्तनात दोनदाच वाजणारी कॉर्ड ठेक्यात नेमकी बसली की अंगात जे होतं ते कोणत्याही लांबलचक सोलोत होत नाही. त्यानंतरच वेग ९५-१००पर्यंत न्या.

आता बँड चालवण्याकडे येतो, कारण वॉटसनकडून मी सगळ्यात जास्त शिकलो ते इथे. साठच्या दशकात तो एका जागी थांबला नाही. लॅरी विल्यम्सबरोबर जोडी करून इंग्लंडचा दौरा केला, १९६७मध्ये ‘मर्सी मर्सी मर्सी’ या जॅझच्या धुनेला शब्द लावून गायलं, आणि त्याच वर्षी फॅट्स वॉलरच्या रचना पियानोवर वाजवून एक अख्खा अल्बम केला. १९७३मध्ये फँटसी लेबलवर त्याचा नवा आवाज ऐकू यायला लागला. १९७६मध्ये डीजेएम या ब्रिटिश लेबलकडे आल्यावर त्यानं निर्मिती स्वतःच्या हातात घेतली. ड्रम्स आणि ब्रास सोडले तर जवळजवळ सगळी वाद्यं त्यानं स्वतःच वाजवली: बास, कीबोर्ड, गिटार. तो अल्बम, ‘एन्ट दॅट अ बिच’, आणि पुढच्या वर्षीचा ‘अ रिअल मदर फॉर या’, दोन्ही गोल्ड झाले, म्हणजे मोठ्या खपाचा मान मिळवून गेले. तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. पहिल्या रेकॉर्डिंगपासून वीसहून जास्त वर्षं झाली होती.

प्रत्येक वाद्य स्वतः वाजवणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते: मी इथे वाजवलं तर तिथलं झाकलं जाईल. त्या रेकॉर्डिंग्जमध्ये बास जिथे बोलतो तिथे गिटार नाही. ब्रासची ओळ आली की कीबोर्ड मागे सरकतो. गाणारा शब्द संपवतो तेव्हाच गिटार एक छोटा टोला मारते. पियानोवादक म्हणून घडलेल्या माणसाचा हा कान आहे. त्याला अख्खं गाणं समोर पसरलेलं दिसतं. आपण गिटारवाले बऱ्याचदा फक्त आपल्या सहा तारा बघतो.

माझ्या बँडची पहिली दोन वर्षं याच एका चुकीत गेली. आम्ही एका ठिकाणी फंकचा पूर्ण सेट वाजवला, पंधरा गाणी, आणि कुणी जागचं उठलं नाही. मी ड्रमरला दोष दिला. आमच्या बँडमध्ये तेव्हा एक गोव्याचे ज्येष्ठ बासवादक होते, आयुष्यभर मुंबईच्या हॉटेलांत आणि रेकॉर्डिंगला वाजवलेले. ते रागावले नाहीत. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग त्यांनी मला ऐकायला लावलं आणि म्हणाले, ‘‘बाबा, फक्त तू कुठे गप्प आहेस तेवढं मोज.’’ पहिल्या गाण्यात अशी एकही जागा सापडली नाही. मी गायकाच्या शब्दांवर वाजवत होतो, बासच्या ओळीवर वाजवत होतो, ड्रमरच्या फिलवरही वाजवत होतो. पुढच्या रिहर्सलला त्यांनी मला पहिली वीस मिनिटं गिटारला हात लावू दिला नाही. बास आणि ड्रम्सचा ठेका नुसता ऐकायला लावला. मग म्हणाले, ‘‘आता जिथे भोक दिसतंय तिथे एकच सूर टाक.’’ त्या दिवशी आमचा बँड पहिल्यांदा चालला. ते आज नाहीत, पण त्यांची ही पद्धत मी प्रत्येक नव्या वादकाला लावतो.

तुमच्या चौघांसाठी म्हणून सांगतो. रिहर्सलची सुरुवात रोज फक्त बास आणि ड्रम्सनं करा. बासचा सूर आणि बास ड्रमचा ठोका एकत्र पडतात का ते बघा, ते पडेपर्यंत तुम्ही थांबा. गिटारच्या खालच्या सुरांच्या दोन जाड तारा विसरा, तो मुलूख बासचा आहे. कीबोर्डवाला असेल तर त्याला डावा हात मांडीवर ठेवायला सांगा, कारण तोही बासच्या घरात शिरतो. शक्य असेल तर तुम्ही स्वतः सहा महिने बास शिका. एखादं साधं कीबोर्ड असेल तर त्यावर बासची ओळ बसवा आणि वर गात बघा. माझ्या गिटारमध्ये सगळ्यात जास्त सुधारणा मी बास वाजवायला लागल्यावर झाली.

आणि नेता म्हणून खुणा ठरवा. फंकमध्ये एकाच कॉर्डवर पाच मिनिटं चालू शकतं, त्यामुळे ब्लूजच्या बारा बारच्या (बारा मापांच्या) आवर्तनासारखा आपोआप येणारा शेवट नसतो. कधी मोडायचं, कधी ब्रेक घ्यायचा, कधी पुन्हा समेवर यायचं, हे तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर ठरतं. वादकांनी तुमच्याकडे बघितलंच पाहिजे. पैशांबद्दल एवढंच: मानधन ठरलं की त्याच दिवशी चौघांना आकडा सांगा, आणि ते हातात आलं की त्याच रात्री वाटा. बँड बहुतेक वेळा सुरांवरून फुटत नाहीत.

गिटार आणि पेडलचा प्रश्न राहिला. हातातली आहे तीच गिटार ठेवा. वॉटसननं पन्नासच्या दशकात एकसंध लाकडाची फेंडर वाजवली आणि सत्तरच्या दशकात अर्धपोकळ अंगाची गिब्सन, पण डोळे मिटून ऐकलं तर दोन्हींत त्याचा अंगठाच ऐकू येतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाटका करणारा परिणाम, कमी करा. घाण आवाजात मुकी खरड स्पष्ट कापली जात नाही. अँपवर बास कमी, मिड थोडा वर. वाह-वाह पेडल (पायानं दाबून सूर ‘वा-वा’ असा बोलवणारं) हवंच असेल तर वर्षभरानंतर घ्या, तोवर हात लयीत पक्का होईल. आधी पेडल घेतलंत तर पाय लय चालवेल आणि हात मागे राहील. महिनाभर पिक बाजूला ठेवून बोटांनी वाजवून बघा. सुरुवातीला आवाज लहान येईल, बोटं दुखतील, मग हळूहळू तो चापटीसारखा सूर सापडेल.

शेवटी प्रतारणेचं. हा प्रश्न तुम्हाला खरोखर बोचतोय हे तुमच्या लिहिण्यातून कळतं, म्हणून जपून उत्तर देतो. १९७६च्या त्या अल्बमच्या शीर्षकगीताचे शब्द ऐका. ते आहे राबूनही खिशात न उरणाऱ्या पगाराबद्दल, वाढत्या महागाईबद्दल. हा ब्लूजचाच विषय आहे, ब्लूजच्याच तोंडानं सांगितलेला. त्यानं रडगाण्याला ठेका दिला, दुःख काढून टाकलं नाही. ‘गँगस्टर ऑफ लव्ह’ हे गाणं त्यानं १९५७मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, १९६३मध्ये पुन्हा, आणि १९७८मध्ये फंकच्या वेशात तिसऱ्यांदा. स्वतःची चीज दर वेळी नव्या अंगानं मांडणाऱ्या गायकाला आपण कधी बेइमान म्हणतो का?

तुम्हीही तसंच करून बघा. नवी वीस फंक गाणी बसवू नका. तुमच्या सेटमधलं तुम्हाला सर्वात जवळचं असलेलं एकच ब्लूज घ्या. शब्द तेच, चाल तीच. शफल काढून चतुस्र ठेका घाला, बारा बारऐवजी पहिल्या कॉर्डवरच मुक्काम करा आणि गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये फक्त दोन सूर वाजवा. पुढच्या कार्यक्रमात ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवा आणि मोबाइल समोरच्या टेबलावर ठेवून रेकॉर्ड करा. वाजवताना गर्दीकडे बघू नका, ड्रमरकडे बघा. घरी आल्यावर ते रेकॉर्डिंग ऐका आणि तुम्ही कुठे कुठे गप्प आहात तेवढं मोजा.

सत्तरच्या दशकानंतर वॉटसनची काही वर्षं शांततेत गेली. १९९४च्या ‘बाऊ वाऊ’ या अल्बमनं तो परत आला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. तोवर त्याचे सत्तरच्या दशकातले ठेके नव्या पिढीतल्या रॅपरांनी आपल्या गाण्यांत घेतले होते. १७ मे १९९६ रोजी जपानमधल्या योकोहामात, एका ब्लूज क्लबच्या मंचावर वाजवत असतानाच हृदयविकारानं तो गेला. ६१ वर्षांचा होता. वेळ मिळाला की ‘दोज लोन्ली लोन्ली नाइट्स’ आणि ‘सुपरमॅन लव्हर’ ही दोन गाणी लागोपाठ ऐका, याच क्रमानं, आणि काय ऐकू आलं ते मला नक्की कळवा.